एक नाक, तीन तक्रारी

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तपासणी, औषधं आणि दिवसांचा हिशेब मात्र जसाच्या तसा आहे. लिहिण्याआधी पेशंटची परवानगी घेतली. तिने मजकूर वाचून एक वाक्य खोडायला लावलं, ते खोडलं.)

सांगलीत विश्रामबागेत माझा दवाखाना आहे. साधी जनरल प्रॅक्टिस, बत्तीस वर्षांची. प्लॅस्टिक सर्जरी हा माझा विषय नाही. पण नाकाचं ऑपरेशन करावं की नाही हा प्रश्न सर्जनकडे जाण्याआधी आमच्यासारख्यांच्या टेबलावर येतो, आणि आम्ही तो हसण्यावारी नेतो. मीही नेला होता, एकदा नव्हे, दोनदा.

ऑगस्ट २०२२ मध्ये ही मुलगी आईबरोबर आली. वय २६, बी.कॉम., एका पतसंस्थेत कॅशियर. वडिलांचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार. खुर्चीत बसता बसताच आई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, हिच्या नाकाचं काय ते एकदा बघून टाका. ऑपरेशन करतात म्हणे. तुळशीच्या लग्नाआधी उरकायचंय." मुलगी खिडकीकडे बघत होती. मी सिस्टरला हाक मारून आईंना बीपी मोजायला बाहेर पाठवलं. मोजायचं होतंच.

दार लागल्यावर ती बोलली. समोरून बघणाऱ्याला काही जाणवत नाही, पण बाजूने नाकाच्या दांड्यावर उंचवटा दिसतो. शाळेत मुलं पोपट म्हणायची. कॅश काउंटरवर रांग तिच्या डाव्या हाताला लागते, म्हणजे दिवसभर शंभर माणसं तिचं नाक बाजूनेच बघतात. ऑफिसच्या ट्रेनिंगला ती कॅमेरा बंद ठेवते, घरच्या कार्यात फोटो निघतो तेव्हा मान वळवत नाही. आणि मग म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला हे आधी दोनदा सांगितलंय."

तिचा जुना केसपेपर काढला. २०१५ ची नोंद माझ्याच अक्षरात: "नाकाच्या आकाराबद्दल चिंता. समजावलं." २०१९ ला पुन्हा तेच. काय समजावलं असेल ते मला न आठवताही माहीत आहे. नाकीडोळी नीटस आहेस, अभ्यासाकडे लक्ष दे. त्या दोन नोंदींच्या मधे आणि नंतर मिळून चार वेळा दुसरी एक ओळ होती: "नाक चोंदणे. थेंब दिले." ही सहा पानं मी एकदाही सलग वाचली नव्हती.

म्हणून आधी श्वास तपासला. जीभ दाबायची स्टीलची पट्टी नाकाखाली आडवी धरून श्वास सोडायला सांगितलं. डाव्या नाकपुडीखाली बाष्पाचा चांगला रुपयाएवढा ठसा उमटला, उजवीखाली जेमतेम तुरीच्या डाळीएवढा. उजवा गाल बोटाने बाहेरच्या बाजूला ओढला तर ती म्हणाली, "आता मोकळं वाटतंय." याचा अर्थ नाकाच्या आत वरची जी सर्वांत अरुंद वाट असते, जिला झडप म्हणतात, तिथेही अडथळा होता. आत टॉर्च टाकला तर मधला पडदा उजवीकडे कललेला. आपल्याकडे याला "नाकाचं हाड वाढलंय" म्हणतात. वाढलेलं काहीच नसतं, सरळ उभा राहायचा पडदा वाकलेला असतो, आणि तोही पुढच्या भागात हाडाचा नसतो, कूर्चेचा असतो, म्हणजे कानात असतो तसा लवचीक.

थेंब किती दिवस घालतेस, असं विचारलं. "रोज. रात्री घातल्याशिवाय झोपच लागत नाही." किती वर्षं? "चार तरी." नाक तात्पुरतं मोकळं करणारे हे थेंब पाच-सात दिवसांच्या वर घातले की आतलं अस्तर उलट जास्त सुजायला लागतं, आणि त्या सुजेवर माणूस पुन्हा तेच थेंब घालतो. चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतात. पण तिला पहिली बाटली मी दिली होती.

आता इथे तीन तक्रारी होत्या. मुलीची दिसण्याची. आईंची स्थळांची. आणि तिसरी खुद्द नाकाची, जी सात वर्षं कुणी ऐकली नव्हती, कारण आकाराचा विषय काढणारी मुलगी म्हणजे नटवी, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. नाक मुरडण्याचं काम त्यात मीही केलं.

त्यानंतर मी तिला मोबाइलमधले फोटो आणि घरातला जुना अल्बम घेऊन यायला सांगितलं. एक गोष्ट अशी की हातभर अंतरावरून काढलेला स्वतःचा फोटो नाकाच्या बाबतीत खोटं बोलतो. कॅमेऱ्याला सगळ्यात जवळ नाकच असतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाकाचा बुंधा पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो असं निघालं होतं. तिला म्हटलं, भावाला पाच-सहा फुटांवर उभं करून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून घे, आणि मग सांग तक्रार आहे का. मोबाइलच्या फोटोत नाक रुंद दिसतं ही तक्रार गेली. उंचवट्याची राहिली. इतकं नेमकं झाल्यावर मला बरं वाटलं, कारण "नाक चांगलं करा" हे कुठल्याच सर्जनला करता येत नाही. "हा उंचवटा कमी करा" हे येतं.

अल्बमने आणखी एक गैरसमज दूर केला. नवव्या वर्षी ती सायकलवरून पडली होती, नाकातून रक्त आलं, घरी हळद आणि बर्फ लावून विषय संपला. घरच्यांच्या मते सगळं त्या पडण्यामुळे. पण दहाव्या-अकराव्या वर्षीच्या शाळेच्या फोटोत उंचवटा नाही. नाकाचा शेंडा किंचित एका बाजूला आहे इतकंच. सोळाव्या वर्षीच्या फोटोत उंचवटा आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या वडिलांच्या नाकावर तोच आहे. वयात येताना नाकाचं हाड आणि कूर्चा वाढतात तेव्हा घराण्याचा आकार दिसू लागतो. पडण्यामुळे आला तो वाकडेपणा आणि बहुतेक पडद्याचा दोष. उंचवटा वडिलांचा.

वडिलांना हे कळलं आणि ते दुखावले. त्यांनी मला फोनवर फक्त एवढंच विचारलं, "आमच्या घराण्याच्या नाकात वाईट काय आहे?" याला उत्तर नाही. काहीच वाईट नव्हतं. नंतर म्हणाले, ही परदेशातली खुळं आपल्याकडे आली. तेव्हा मात्र मी त्यांना कावसजीची गोष्ट सांगितली. म्हैसूरच्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा हा मराठा टिपूच्या माणसांच्या हाती सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळच्या एका कुंभार कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात ती हकीकत चित्रासकट छापून आली, आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये तिकडे तसं ऑपरेशन केलं. ते ऐकून म्हणाले, "त्याचं कापलं होतं. हिचं जागेवर आहे." फरक बरोबर धरला त्यांनी. चांगलं असलेलं नाक केवळ दिसण्यासाठी बदलण्याची वाट रुळली ती पुढे, बर्लिनच्या जाक जोसेफने १८९८ पासून केलेल्या कामामुळे.

मी तिला एक प्रश्न विचारला, तो सगळ्यांनाच विचारते: ऑपरेशन उत्तम झालं असं धर, दुसऱ्या दिवसापासून तू काय वेगळं करशील? "सगळं बदलेल", "लग्न जमेल", "नवरा परत येईल" अशी उत्तरं आली की मी पुढची चिठ्ठी सर्जनऐवजी मानसोपचारतज्ज्ञांना लिहिते. आरशासमोर तासन् तास जाणारे, इतरांना न दिसणाऱ्या दोषाने पछाडलेले पेशंट नाकाच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्यांत भेटतात, आणि त्यांचं समाधान कुठल्याही ऑपरेशनने होत नाही. ही म्हणाली, "कॅमेरा चालू करीन. आणि रात्री तोंड मिटून झोपेन." मला हे उत्तर पुरेसं होतं.

दरम्यान आईंनी माझ्यासाठी न थांबता एका मोठ्या शहरातल्या कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये वेळ घेतली होती. तिथे काय झालं ते मुलीकडून ऐकलेलं सांगते. पहिला अर्धा तास काउन्सेलर बोलली, ती डॉक्टर नव्हती. संगणकावर बाजूचा फोटो घेऊन दोन मिनिटांत नवं नाक काढून दाखवलं. मग सुचवलं की ऑपरेशनही नको, इंजेक्शन घेऊन अर्ध्या तासात घरी. आज बुकिंग केलं तर सवलत. पाटीवरच्या डॉक्टरांच्या नावापुढे पदवी काय, हे विचारल्यावर "कॉस्मेटॉलॉजिस्ट" एवढंच उत्तर. नाकात कुणी बोटही घातलं नाही, टॉर्चही नाही.

त्या इंजेक्शनबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात मोहात पाडणारी वाट तीच. फिलर म्हणजे बहुधा हायलुरोनिक ॲसिडचा जेल. उंचवट्याच्या वर आणि खाली भरून रेघ सरळ दिसते. म्हणजे नाक लहान होत नाही, थोडं मोठंच होतं. काही महिन्यांनी ते विरतं, पुन्हा भरावं लागतं. श्वासाचं काहीच होत नाही. आणि नाकावरच्या बारीक धमन्या डोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. जेल चुकून धमनीत गेला तर कातडी काळी पडू शकते, आणि क्वचित का होईना, दृष्टी जाऊ शकते. क्वचित हा शब्द ज्याची जाते त्याच्या उपयोगाचा नाही. जाणत्या हातात याला जागा आहे, पण समोर जेल विरघळवणारं औषध तयार आहे का, हे विचारायला तरी कळलं पाहिजे.

संगणकावरच्या चित्राबद्दल इतकंच की ते बोलण्याचं साधन आहे. माझ्या पेशंटच्या आईंनी त्याची प्रिंट आणून मला दाखवली, जणू शिंप्याला द्यायचा नमुना.

मग मिरज. मिरजेला दाखवून आणा हे वाक्य आमच्या भागात आणि पलीकडे कर्नाटकात किती पिढ्या बोलल्या असतील कोण जाणे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे दवाखाना उभा केला तेव्हापासून मिरज हे डॉक्टरांचं गाव. तिथल्या एका प्लॅस्टिक सर्जनकडे पाठवायच्या आधी मी तिला पदव्या कशा वाचायच्या ते शिकवलं. एम.बी.बी.एस., मग जनरल सर्जरीचं एम.एस., आणि त्यावर प्लॅस्टिक सर्जरीचं एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. नाकाच्या बाबतीत कान-नाक-घशाचे एम.एस. असून चेहऱ्याच्या सर्जरीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलेही चांगले असतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागायला लाजायचं नाही. तो न देणाऱ्याकडून उठून यायचं.

सर्जनने पाऊण तास घेतला. नाकाचा वरचा एक तृतीयांश भाग हाडाचा, खालचा कूर्चेचा, त्यामुळे उंचवट्यातला काही भाग कानशीने घासून जाईल आणि काही कापावा लागेल. उंचवटा काढला की वरचं छप्पर उघडं पडतं. ते मिटवण्यासाठी दोन्ही बाजूंची हाडं छिन्नीने सोडवून आत ढकलावी लागतात. नुसतं एवढं केलं तर आधीच अरुंद असलेली झडप आणखी अरुंद होईल, म्हणून पडद्यातूनच कूर्चेच्या दोन पट्ट्या घेऊन टेकू द्यायचा. म्हणजे दिसणं आणि श्वास ही दोन वेगळी ऑपरेशनं नव्हतीच. एक बिघडवून दुसरं झालं असतं. आपल्या लोकांची शेंड्यावरची कातडी जाड असते, म्हणून सूज उशिरा उतरते आणि मासिकातल्यासारखी धारदार कोर येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. साधारण शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना पुढे दुरुस्ती लागते, हेही. आई हे ऐकून गप्प झाल्या. मला तो सर्जन तिथेच आवडला.

अंदाजपत्रक १ लाख ४० हजारांचं होतं, दिसण्याच्या भागावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा. मेडिक्लेमवाल्या ओळखीच्या एजंटने युक्ती सुचवली: विमा नियामकाच्या ठरलेल्या नियमात सौंदर्यासाठीची सर्जरी वगळलेली असते, पण अपघातानंतरची पुनर्रचना चालते, तर सायकलवरून पडली होती ना, सगळंच अपघातात दाखवा. त्यासाठी माझी चिठ्ठी हवी होती. पडद्याबद्दल मी लिहिलं, ते खरं होतं. उंचवट्याबद्दल लिहिलं नाही. वडील, ज्यांना हे ऑपरेशनच नको होतं, तेच म्हणाले, "मॅडम बरोबर आहेत, माझं नाक अपघातात कसं दाखवायचं?" पडद्याचा खर्च विम्यातून आला, उरलेला त्यांनी भरला.

डिसेंबरची तारीख ठरली. ऑपरेशनपूर्व तपासणीचा फॉर्म भरून सही करायला माझ्याकडे आला. धूम्रपान: नाही. मद्यपान: नाही. इतर व्यसन: नाही. मी सही करायला पेन उचललं आणि थांबले. दोन वर्षांपूर्वी घसा बघताना तिच्या हिरड्यांची काळपट कड पाहिली होती.

"मिश्री लावतेस का गं?"

लाजली. "सकाळ-संध्याकाळ. आजीमुळे लागली. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. पण मॅडम, ती तंबाखू थोडीच आहे?"

मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. हिरड्यांतून निकोटीन सरळ रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. नाकाच्या शेंड्याची कातडी उचलून पुन्हा बसवायची आणि तिला रक्तच कमी पोचायचं, तर जखम भरणं लांबतं, कातडीचा तुकडा मरूही शकतो. सगळे सर्जन सिगारेट विचारतात. सातारा-सांगलीकडच्या बायकांना सिगारेट विचारून काय उपयोग? फॉर्मच्या चौकटीत खूण "नाही"वरच होणार, आणि ती खोटीही नाही. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ऑपरेशनच्या फॉर्मवर मी मिश्री हा शब्द हाताने लिहिते.

आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे बंद, निकोटीनचं च्युइंगगमसुद्धा नाही. पहिले दहा दिवस डोकेदुखी, चिडचिड. दिवाळीत आजीच्या डबीला बोट लागलं, आणि तिने स्वतःच फोन करून सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून मोजणी. सकाळी कोमट पाणी, इसबगोल, तोंडात लवंग. त्याच काळात थेंबही सोडवायचे होते. मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्टेरॉइडचा फवारा, तीन आठवडे वाईट झोप. तारीख फेब्रुवारी २०२३ वर गेली. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, लगीनसराई सुरू झाली होती, आणि आई माझ्याशी महिनाभर नीट बोलत नव्हत्या.

संमतीपत्राच्या दिवशी मी बरोबर गेले, थोडं अपराधीपणापोटीच. पडदा, उंचवटा, हाडं सोडवणं, पडद्याची कूर्चा कमी पडली तर कानामागून घेणं: प्रत्येकाला स्वतंत्र होकार-नकार होता. समीरा कोहली खटल्यात जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही. "भूल दिलीच आहे तर तेही करून टाकलं" हे वाक्य त्यानंतर कुणाच्या तोंडी यायला नको, पण येतं. तिने कानाच्या कूर्चेला "हो" लिहिलं आणि नाकाचा शेंडा बारीक करण्याला "नाही". शेंडा तिला आवडत होता.

पूर्ण भूल, सव्वातीन तास. शेंड्याखालच्या दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवर बारीक छेद घेऊन केलं. कानाची गरज पडली नाही.

ऑपरेशननंतर घरी न्यायचं नाही असं आम्ही आधीच ठरवलं होतं. घर म्हणजे वर राहणं आणि खाली हळदीची पोती, भर हंगामाची हवा. शिंक हा पहिल्या दोन आठवड्यांतला शत्रू. ती मिरजेला मावशीकडे राहिली. मावशीला मी एकच सूचना दिली: मिरचीची फोडणी दार लावून. दोन उश्यांवर डोकं उंच, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून, खाली वाकायचं नाही. हे शेवटचं अवघड गेलं, कारण बघायला येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला वाकून नमस्कार करायची तिची सवय. मावशीने दारातच सांगायला सुरुवात केली, "आशीर्वाद उभ्यानेच द्या."

दुखणं तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी होतं. त्रास झाला तो गच्च बंद नाकाचा आणि कोरड्या घशाचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त, दोन्ही डोळ्यांखाली जांभळं. आईंनी पहिल्यांदा पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. पाचव्या दिवशी कुणीतरी दार उघडं ठेवून ठेचा परतला, एक जोरदार शिंक आणि थोडं रक्त. सर्जनने बघितलं, काही हललं नव्हतं.

सातव्या दिवशी वरचा साचा आणि आतल्या पट्ट्या निघाल्या. मी तिला तीनदा सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी आरशात दिसेल ते तुझं नाक नव्हे, ती सूज आहे, शेंडा वर उचललेला वाटेल, नाक रुंद वाटेल, रडू येईल. तिने मान हलवली होती. तरी संध्याकाळी फोन आला. "मॅडम, हे माझ्या पप्पांचंपण नाही आणि माझंपण नाही." बराच वेळ रडली. मी काही समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले, आणि ती झोपेत तोंड मिटून श्वास घेत होती असं मावशीने सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात ती कामावर गेली. चष्मा नाकावर टेकवायला सहा आठवडे बंदी, म्हणून चष्म्याचा पूल चिकटपट्टीने कपाळाला. काउंटरवरच्या म्हाताऱ्यांनी काय काय विचारलं त्याचं वेगळं टिपण होईल. शेंडा बधिर, हसताना वरचा ओठ ताठ, कुणी गालावर टिचकी मारली तरी दचकायची. हे सगळं महिन्या-दोन महिन्यांत ओसरलं, शेंड्याची बधिरता सात महिने राहिली. उन्हाळ्यात स्कार्फ आणि सनस्क्रीन. सकाळी नाक थोडं जाड, संध्याकाळी बारीक, असं पहिल्या पावसापर्यंत चालू होतं.

आईंनी सहाव्या आठवड्यात एक स्थळ बोलावलं. मी विरोध केला, मुलीनेही केला, स्थळ आलंच. पोहे खाताना मुलाच्या आईने विचारलं, नाकाला काय लागलंय का? मुलीने सरळ सांगितलं, ऑपरेशन केलंय, पडदा आणि उंचवटा दोन्ही. चार दिवसांनी नकार आला, कारण दिलं नाही. आईंचं म्हणणं की पडद्याचं तेवढं सांगायचं होतं, आणि हा सल्ला डॉक्टरीणबाईंनी द्यायला हवा होता. मी नसता दिला.

सर्जनकडे बरोबर वर्षाने, फेब्रुवारी २०२४ मध्ये शेवटचे फोटो निघाले. बाजूने रेघ सरळ आहे, अगदी पट्टीने मारल्यासारखी नाही, किंचित घराणं शिल्लक आहे. बोट फिरवलं तर दांड्यावर एके ठिकाणी खडबडीत लागतं. डावी नाकपुडी उजवीपेक्षा केसभर वर आहे. ती आधीही होती, पण आधी कुणी बघत नव्हतं. हवं तर आता थोडी घासणी करता येईल असं सर्जन म्हणाले. तिने नको म्हटलं. स्टीलच्या पट्टीवर आता दोन्ही ठसे जवळजवळ सारखे उमटतात.

मार्चमध्ये दोघी आल्या, यावेळी बीपीसाठी आई आणि सोबत मुलगी. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "डावी नाकपुडी जरा वर वाटती का हो?" मुलगी म्हणाली, "आई, तू तुझं बीपी बघ की." मी तिला तोंड उघडायला सांगितलं. हिरड्या गुलाबी होत्या, वर्षभराच्या. मग आईंना म्हटलं, "आता तुम्ही उघडा." त्यांनी पदर तोंडाला लावला.